फट कुणाची? रिॲक्टरच्या शिल्डिंगमधून न्यूट्रॉन निसटू नयेत म्हणून नवख्यांसाठी पायऱ्या

आमच्या चेंबूरच्या सोसायटीत दर पावसाळ्यात एकच भांडण रंगतं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमचं पाणी दुसऱ्या मजल्याच्या छतातून ठिबकतं. स्लॅब ठणठणीत असतो, पाइपही शाबूत असतो. पाणी येतं ते पाइप स्लॅबमधून जातो तिथल्या गोल फटीतून. प्लंबर म्हणतो ते गवंड्याचं काम, गवंडी म्हणतो ते प्लंबरचं.

रिॲक्टरच्या शिल्डिंगचंही (किरणोत्सर्ग अडवणाऱ्या जाड भिंतींचंही) असंच असतं. काँक्रीटची भिंत किती जाड हवी याचा हिशोब चार जण चार वेळा तपासतात. त्याच भिंतीतून जाणाऱ्या पाइपभोवतीची दोन सेंटिमीटरची फट मात्र सिव्हिलवाले पायपिंगवाल्यांची समजतात आणि पायपिंगवाले इलेक्ट्रिकलवाल्यांची. मी या कामात आले तेव्हा मला भिंत शिकवणारे पुष्कळ भेटले, फट शिकवणारं कुणी भेटलं नाही. म्हणून हा लेख. अणुशक्तीनगर, चेंबूर, वाशी अशा ठिकाणच्या डिझाइन ऑफिसात पेनिट्रेशनचं, म्हणजे भिंतीतून आरपार जाणाऱ्या भोकांचं, पहिलं काम हातात आलेल्यांसाठी तो आहे. सुरक्षा विश्लेषणाची जागा तो घेणार नाही. पण त्या विश्लेषकाला योग्य प्रश्न विचारता येतील इतकी तयारी नक्की होईल.

१. न्यूट्रॉनचा स्वभाव ओळखा

गॅमा किरणांची सवय असलेल्या माणसाची इथेच पहिली चूक होते. गॅमाला वजन अडवतं, म्हणून शिसं. न्यूट्रॉनला आधी मंद करावं लागतं आणि मंद झाल्यावर गिळावं लागतं. मंद करायला त्याच्याच वजनाचा अणू हवा, म्हणजे हायड्रोजन. कॅरमच्या सोंगटीला तशीच सोंगटी लागली की वेग वाटला जातो. तीच सोंगटी भिंतीवर आपटली तर जवळपास त्याच वेगाने परत येते. २ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा (हे ऊर्जेचं एकक) न्यूट्रॉन थंड व्हायला हायड्रोजनमध्ये सरासरी १८ टकरा पुरतात. कार्बनमध्ये सुमारे ११५ लागतात, लोखंडात पाचशेच्या वर आणि शिशात अठराशेच्या वर.

गिळायचं काम बोरॉनचं. नैसर्गिक बोरॉनमध्ये सुमारे २० टक्के बोरॉन-१० असतो. मंद न्यूट्रॉनसाठी त्याचा काटछेद (गिळण्याची शक्यता सांगणारं माप) ३८४० बार्न, म्हणजे प्रचंड.

आता फटीकडे वळू. भरीव भिंतीत न्यूट्रॉन टकरा खात मरतो. फटीत त्याला टक्कर द्यायला कुणी नसतं, म्हणून सरळ दिसेल ती वाट तो सरळ पार करतो. याला साइटवर सगळे स्ट्रीमिंग म्हणतात. वळण आलं तर तो वळणाच्या भिंतीवर आपटून उसळतो आणि असे थोडे न्यूट्रॉन पुढच्या टप्प्यात शिरतात. गल्लीच्या वळणापलीकडचा हॉर्न ऐकू येतो ना, तसं.

२. काम हातात घेण्याआधी हे कागद मागा

तोंडी माहितीवर एकही रेघ मारू नका. लागतं ते असं:

- भिंतीचं शेवटच्या सुधारणेचं ड्रॉइंग, सुधारणा क्रमांकासकट
- स्रोताच्या बाजूचा न्यूट्रॉन प्रवाह आणि त्याचा ऊर्जेनुसार तपशील. नुसता डोस दर (तासाला शरीराला किती किरणोत्सर्ग लागतो तो आकडा) पुरत नाही
- पलीकडच्या खोलीचं झोनिंग: तिथे माणूस किती तास असतो
- पाइपचं तापमान, प्रसरण, आणि भूकंपात तो किती हलेल
- केबल असतील तर त्यांचा विद्युतभार
- त्या भिंतीला लागू असलेली आगरोधकतेची आणि हवाबंदपणाची अट
- भरण्याच्या मालाचे चाचणी दाखले: बोरॉनचं प्रमाण, घनता, क्लोराइड

शेवटच्या ओळीतलं क्लोराइड नवखे हमखास विसरतात. स्टेनलेस स्टीलच्या पाइपला क्लोराइड असलेला माल चिकटून राहिला तर ताण-गंजाने तडे जातात. मुंबईच्या खाऱ्या हवेत आधीच पुरेसं मीठ आहे, त्यात आपल्या हाताने भर नको.

साइटवर जायचं असेल तर पोलिस व्हेरिफिकेशन, मेडिकल आणि सुरक्षा प्रशिक्षणाला वेळ लागतो, ते पहिल्याच आठवड्यात सुरू करा. डोस बॅजशिवाय (अंगावरचा किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला) नियंत्रित भागात पाऊल टाकायचं नाही. रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसरची ओळखही काम अडल्यावर नाही, आधीच करून घ्या.

३. फटींची वही उघडा

या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा. भिंतीतून आरपार जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीला क्रमांक द्या आणि एका माणसाला तिचा मालक करा. पाइप, केबल ट्रे, एअर डक्ट, उपकरणाच्या बारीक नळ्या, दाराचा सांधा, काढता येणारे काँक्रीटचे ठोकळे, क्रेनच्या रुळाची खाच, शटरिंगचे टाय-रॉड. होय, टाय-रॉडसुद्धा. शटरिंग काढल्यावर ती भोकं आरपार उरतात आणि मिस्त्री दोन्ही तोंडांना बोटभर सिमेंट लावून मोकळा होतो.

रकाने असे ठेवा: क्रमांक, भिंत, उंची, आकार, आत काय जातं, भोवतीची फट किती, सरळ आरपार दिसतं का, काय भरायचं, कोणी भरलं, कोणी तपासलं, फोटो. एक्सेल चालेल, भारी सॉफ्टवेअर लागत नाही.

हा आकडा किती फुगतो याची कल्पना यावी म्हणून एक उदाहरण. आपल्या २२० मेगावॉटच्या दाबयुक्त जड पाण्याच्या रिॲक्टरला ३०६ इंधन नळ्या असतात. तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या ५४० मेगावॉटच्या रिॲक्टरना प्रत्येकी ३९२. प्रत्येक नळी दोन्ही बाजूंच्या एंड शिल्डमधून (रिॲक्टरच्या टोकांच्या शिल्डिंगमधून) बाहेर येते, म्हणजे ७८४ तोंडं. पोलादी गोळ्या आणि पाणी भरलेली एंड शिल्ड कितीही चांगली असली तरी नळी पोकळ ठेवून भागत नाही, म्हणून नळीच्या टोकांत शिल्ड प्लग बसवलेले असतात. तिथे डिझाइननेच फटीला मालक दिलेला आहे. तुमच्या इमारतीतल्या केबलच्या भोकाला तो नसतो, तो तुम्हाला नेमावा लागतो.

४. संगणकाआधी कागदावर अंदाज काढा

मॉन्टे कार्लोचा प्रोग्रॅम (एकेका न्यूट्रॉनची वाट फासे टाकल्यासारखी चालवून पाहणारा) चालवणारा वेगळा असेल, तरी अंदाज तुमच्या खिशात हवा. सरळ गोल भोकासाठी, तोंडाशी न्यूट्रॉन सगळ्या दिशांनी सारखे येतात असं धरलं, तर पलीकडच्या तोंडाशी थेट पोचणारा हिस्सा काढायला त्रिज्येला लांबीने भागा, वर्ग करा, चारने भागा.

१० सेंटिमीटर व्यासाचं भोक, भिंत २ मीटर. ५ भागिले २००, वर्ग, भागिले ४. उत्तर ६४०० मध्ये एक. आता तीच भिंत भरीव असती तर? साध्या काँक्रीटमध्ये वेगवान न्यूट्रॉन दर ११-१२ सेंटिमीटरला साधारण पावणेतीन पटीने घटतात. २ मीटरला हा हिस्सा कोट्यवधींत एक होतो. म्हणजे भोकासमोर भरीव भिंतीच्या हजारो पट.

आता खरी गंमत. दोन मीटर उंच दाराचा सांधा, फट फक्त ५ मिलिमीटर, पण आरपार सरळ. तसाच हिशोब केला तर मधोमध उभ्या माणसापर्यंत साडेपाच हजारांत एक पोचतो. म्हणजे जिच्यात करंगळीही जाणार नाही अशी फट १० सेंटिमीटरच्या पाइपच्या भोकापेक्षा किंचित जास्तच गळते! गोल भोकातून येणारं अंतराच्या वर्गाने घटतं, लांब चिरेतलं जवळपास नुसत्या अंतराने. मला हे कळायला दोन वर्षं लागली, कारण डोळ्याला भोक मोठं दिसतं आणि चीर दिसतच नाही.

हा हिशोब फक्त सरळ वाटेचा. भिंतीवर उसळून येणारे यात नाहीत, म्हणून खरा आकडा याहून वरच असतो.

संगणकावरचे दोन सापळे. बारीक फटीत फार थोडे न्यूट्रॉन शिरतात, म्हणून मॉन्टे कार्लो रात्रभर चालूनही फटीतून एकही पार न गेल्याचं सांगू शकतो. शून्य उत्तर म्हणजे सुरक्षित उत्तर नव्हे, नमुने कमी पडले. वेट विंडो (अशा दुर्मीळ वाटांचे नमुने वाढवायची युक्ती) वापरल्या का, हे विचारा. आणि मॉडेलमध्ये फट घातली आहे का तेही. हसू नका, पुष्कळदा स्लीव्ह (भोकात बसवलेली नळी) भरीव काँक्रीटला घट्ट चिकटलेला काढलेला असतो.

५. वाट मोडा

भरण्याआधी वाट वाकडी करायची. भरलेला माल म्हातारा होतो, वाळतो, कुणीतरी उपसतो. भूमिती कुणी उपसत नाही.

जागा निवडण्यापासून सुरुवात करा. भोकातून रिॲक्टरचा गाभा दिसता कामा नये. शक्य असेल तर तोंड माणसाच्या डोक्याच्या बऱ्याच वर काढा, जिन्याच्या पायथ्याशी किंवा पॅनेलसमोर कधीच नको. एका मोठ्या भोकाऐवजी लांब लांब चार लहान भोकं मिळाली तर घ्या. व्यास निम्मा झाला की प्रत्येकातून चौथाई येतं.

काटकोनी वळण उत्तम, पण दोन अटी आहेत. वळणाच्या पाठीमागे पूर्ण जाडीचं शिल्डिंग उरलं पाहिजे, नाहीतर न्यूट्रॉन वळतच नाहीत, समोरच्या पातळ भिंतीतून निघून जातात. आणि वळणानंतरचा टप्पा व्यासाच्या काही पट लांब हवा. आखूड टप्प्यांची दोन वळणं ड्रॉइंगवर झकास दिसतात, आतल्या कोपऱ्यातून मात्र आडवी वाट सापडते.

काढता येणाऱ्या प्लगला पायरी द्या. जाड बाजू बाहेरच्या अंगाला, म्हणजे प्लग आत घसरणार नाही. पायरी फटीपेक्षा किती मोठी हवी? फट नुसती ड्रॉइंगवरची धरू नका. चहूबाजूंनी ३ मिलिमीटर सोडलेला प्लग खाली टेकला की वर ६ मिलिमीटर होतात. शिवाय बनवताना मापात पडणारा फरक आणि स्लीव्हचा वाकडेपणा. हे सगळं वाईटात वाईट धरून, ड्रॉइंगवर पट्टी तिरकी ठेवून आरपार रेघ जाते का पाहा. मी पायरी त्या वाईटात वाईट फटीच्या कित्येक पट ठेवते आणि जागा असेल तर दोन पायऱ्या मागते. बनवणारा कुरकुरतो, करू दे.

ठोकळ्यांच्या भिंतीत गवंडी विटांचा सांधा चुकवतो तसाच सांधा चुकवायचा, फक्त तो समोरून दिसणाऱ्या दिशेत नव्हे तर जाडीच्या दिशेत.

६. भरायचं काय

माझी सगळ्यात महाग चूक इथली. सुरुवातीच्या दिवसांत एका कामावर पाइपभोवतीच्या फटीत आम्ही शिशाची लोकर ठासून भरली. गॅमा मीटर फिरवला, काटा पडला, सगळे खूष. न्यूट्रॉन मीटर दुसऱ्या दिवशी आला आणि त्याने जवळपास आधीचाच आकडा दाखवला. शिशाने गॅमा अडवला होता, न्यूट्रॉनला काडीचा फरक पडला नव्हता. सगळी लोकर उपसून पुन्हा काम केलं.

क्रम लक्षात ठेवा: स्रोताच्या बाजूला हायड्रोजन असलेला माल, सोबत बोरॉन, आणि शिसं लागलंच तर सगळ्यात बाहेर. बोरॉन का, याचं आणखी एक कारण आहे. हायड्रोजनने मंद न्यूट्रॉन गिळला की २.२२ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा निघतो, बोरॉनने गिळला तर बहुतेक वेळा ०.४८ चा, जो अडवणं फार सोपं. लोखंडाने गिळला तर साडेसातच्या पुढचा. पोलादी स्लीव्हला कमी लेखू नका. सुमारे २४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपाशी लोखंड न्यूट्रॉनला जवळपास पारदर्शक असतं, म्हणून जाड सलग पोलाद स्वतःच एक वाट बनतं.

कॅडमियमचा पत्रा अर्ध्या इलेक्ट्रॉनव्होल्टच्या खालचं झकास खातो, वेगवानाला ओळखतही नाही. विषारी आहे, ते वेगळंच.

नेहमीच्या वापरातले माल असे. बोरॉन घातलेलं पॉलिथिन: ठोकळे आणि कड्यांसाठी छान, पण ८० अंशांच्या आसपास तापमान असेल तिथे नको, आणि जळतं. बोरॉन घातलेलं सिलिकोन: केबलच्या गुंत्यात ओतायला सोपं, हालचालही सोसतं. न आकसणारा ग्राऊट (सिमेंटचं पातळ कालवण): कायमच्या फटीसाठी स्वस्त आणि मस्त. मात्र सिमेंटच्या कालवणात बोरॅक्स किंवा बोरिक ॲसिड टाकण्याची हुशारी करू नका, सिमेंट सेट व्हायचं लांबतं. बोरॉन हवाच असेल तर बोरॉन कार्बाइडसारखं न विरघळणारं रूप घ्या आणि आधी नमुना घट्ट होतो का पाहा.

गरम पाइप फटीत चिणायचा नाही, त्याला हलायला जागा लागते. तिथे फट मोकळी ठेवून बाहेर पाइपभोवती बोरॉन-पॉलिथिनची रुंद कॉलर बसवतात, पाइपच्या उष्णतेपासून अंतर राखून. भरलेल्या केबल तापतात, म्हणून त्यांची वहनक्षमता कमी धरायची, हे इलेक्ट्रिकलवाल्याला लेखी कळवा.

आणि आग. २२ मार्च १९७५ ला अमेरिकेत अलाबामामधल्या ब्राउन्स फेरी वीजकेंद्रात कामगार केबलच्या भोकातली हवेची गळती मेणबत्तीने शोधत होते. ज्योत आत ओढली गेली, भरलेला पॉलियुरेथेन फोम पेटला, आग काही तास चालली आणि सोळाशेहून जास्त केबल खराब झाल्या. आपल्याकडे मेणबत्तीऐवजी उदबत्ती फिरवणारे आहेत. दिसले तर तिथल्या तिथे थांबवा.

७. काँक्रीट ओतताना तिथे उभे राहा

आडव्या स्लीव्हच्या पोटाखाली काँक्रीटमधलं पाणी वर येऊन साचतं, सुकल्यावर तिथे चंद्रकोरीसारखी पोकळी उरते. ती ड्रॉइंगवर नसते आणि तोंडाशी रंग मारल्यावर दिसतही नाही. मोठ्या स्लीव्हला खालून ग्राऊट भरायची नळी आधीच ठेवून घ्या. हेमॅटाइट किंवा मॅग्नेटाइटचं जड काँक्रीट असेल तर व्हायब्रेटर जास्त वेळ धरला की जड खडी तळाला बसते आणि वर नुसता रस्सा राहतो. शटरिंग काढल्यावर हातोडीने वाजवा, शंका आली तर अल्ट्रासोनिक चाचणी मागा.

काँक्रीटमधलं पाणी हाच त्यातला हायड्रोजन. भिंत कायम ६५ अंशांच्या वर तापत राहिली तर ते हळूहळू उडतं. गरम पाइप जवळून जात असेल तर इन्सुलेशन आणि हवा यांचा विचार शिल्डिंगचाच भाग समजा.

पावसाळ्यात पिशव्या उघड्यावर ठेवू नका हे सांगायला लागू नये, पण जुलैत सांगावंच लागतं.

८. मोजा, आणि बरोबर यंत्राने मोजा

पहिली चाचणी फुकटातली: रात्री एका बाजूला टॉर्च, दुसऱ्या बाजूला अंधार. उजेड दिसला तर न्यूट्रॉन येणारच. उजेड नाही दिसला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही.

रिॲक्टर आधी कमी शक्तीवर असताना आणि सेफ्टी ऑफिसरच्या परवानगीनेच प्रत्यक्ष मोजणी. साधा गॅमा मीटर न्यूट्रॉन पाहत नाही. रेम काउंटर (न्यूट्रॉनचा डोस मोजणारं यंत्र) लागतो, दहा किलोच्या आसपासचं धूड, म्हणून दोघं जा. त्याचा प्लास्टिकचा गोळा वीतभर रुंद असतो. चिरेतून येणारा झोत सेंटिमीटरभर असला तर गोळ्याच्या जेमतेम एका पट्टीवर पडतो आणि आकडा झोताच्या खऱ्या जोरापेक्षा खूप कमी येतो. म्हणून सांध्यालगत सीआर-३९ च्या (न्यूट्रॉनच्या खुणा टिपणाऱ्या प्लास्टिकच्या) पट्ट्या ओळीने चिकटवतात, किंवा सोन्याच्या पातळ पत्र्या ठेवतात. न्यूट्रॉन गिळून त्यात बनणाऱ्या सोनं-१९८ चं अर्धायुष्य २.७ दिवस, त्यामुळे मोजायला सवड मिळते. जोडीतली एक पत्री कॅडमियमच्या डबीत ठेवली की मंद आणि त्याहून वरचे वेगळे कळतात.

यंत्राच्या दाखल्यावर कोणत्या स्रोताने जुळवलं ते वाचा. अमेरिशियम-बेरिलियमचे न्यूट्रॉन सरासरी ४ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासचे असतात, शिल्डिंगबाहेरचे बहुतेक त्याहून खूप मंद. दोन्हीला यंत्र सारखा प्रतिसाद देत नाही.

मर्यादा पाठ असू द्या. अणुऊर्जा नियामक परिषदेच्या नियमाने कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (डोसचं एकक), कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही, आणि सर्वसामान्य माणसाला वर्षाला १. डोस काढताना न्यूट्रॉनला दिलं जाणारं वजन, म्हणजे तो शरीराला किती इजा करतो त्याचा गुणक, ऊर्जेप्रमाणे बदलतं आणि १ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास ते गॅमाच्या सुमारे वीसपट असतं. म्हणून 'थोडंसंच येतंय' हे वाक्य न्यूट्रॉनच्या बाबतीत चालवून घ्यायचं नाही.

अंदाज आणि मोजणी जुळवून पाहायची रीत मुंबईला नवी नाही. तुर्भ्याची (ट्रॉम्बेची) अप्सरा ही संशोधन अणुभट्टी १९५६ साली सुरू झाली. तिचा गाभा पाण्याच्या तलावात ट्रॉलीवरून हलवता यायचा आणि एक कोपरा खास शिल्डिंगच्या प्रयोगांसाठी होता. तुमच्या हिशोबात आणि मोजणीत दोनतीन पटींचा फरक आला तर घाबरू नका. शंभर पट आला तर मॉडेल नव्हे, आधी भिंत तपासा.

९. काम संपल्यावरची भोकं

बहुतेक गळती उद्घाटनानंतरची असते. कुणीतरी कॅमेऱ्याच्या केबलसाठी कोअर कटरने नवं भोक पाडतं. देखभालीला प्लग काढला जातो आणि शेजारच्या भोकाचा प्लग इथे बसवला जातो, कारण दोन्ही जवळपास सारखेच दिसतात. म्हणून क्रमांक प्लगवर आणि भिंतीवर दोन्हीकडे कोरून घ्या, रंगाने लिहू नका. सिलिकोनचं वय आणि बदलायची तारीख वहीत असू द्या.

नव्या भोकाच्या परवानगीच्या फॉर्मवर तुमच्या वहीच्या मालकाची सही लागेल अशी व्यवस्था करून घ्या. आणि तो मालक नोकरी सोडून निघाला की निरोपाच्या चहाआधी नव्या माणसाला बरोबर घेऊन भिंतीभिंतीने फिरा, हातात वही आणि टॉर्च घेऊन. आमच्याकडे या फेरीला अर्धा दिवस लागतो. मागच्या वेळी जिन्यामागच्या भिंतीत वहीत नसलेली तीन भोकं सापडली, त्यातल्या एकात कुणीतरी वर्तमानपत्र कोंबलं होतं.